कोणतीही कळ दाबा

"पळते का?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही. सरकतेय," वडील आतल्या खोलीतून म्हणाले.

दुपारची भांडी आवरली की हे बोलणं रोज व्हायचं. पळणारी किंवा सरकणारी गोष्ट म्हणजे एक फिल्म, ठिपकीने केलेली आणि अर्धी राहिलेली. ठिपकी त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी हाती पेन्सिल लागली की ती घरभर ठिपके काढत सुटायची, त्यावरून हे नाव पडलं. पुढे ती कॉम्प्युटरवर चित्रातली माणसं चालवण्याचं काम करू लागली, लग्न होऊन गेली, लग्न मोडून परत आली, तरी घरात ठिपकीच राहिली. मागच्या वर्षी ती वारली. रक्ताचा आजार होता. निदान झाल्यावर फारसा वेळ मिळाला नाही.

त्या थोड्या वेळात तिने वडिलांना आपला कॉम्प्युटर शिकवला. तो विकत आणलेला नव्हता. लग्न नवं असताना तिने आणि तिच्या नवऱ्याने सुटे भाग जमवून, फरशीवर बसून जोडलेला होता आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स नावाची प्रणाली चालत असे. वडील छापखान्यात मशीनमन होते. त्यांच्या डाव्या तर्जनीचं पेर नोकरीच्या सुरुवातीलाच एका यंत्राने नेलं होतं. तेव्हापासून त्यांचा एक नियम होता: यंत्र सुरू होऊन लयीत येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. घरात मिक्सरलाही तोच नियम होता. ठिपकीने तो त्यांच्यावरच उलटवला.

"बाबा, बटण दाबलं की हात मांडीवर. चालू होताना काय वाट्टेल ते दिसेल, काळं होईल, अक्षरं पळतील. तुम्ही काहीही दाबायचं नाही."

"हे तू मला सांगतेस?"

"तुम्हालाच सांगतेय. लिफ्ट यायला उशीर झाला तर तुम्ही बटणाला गुद्दे मारता."

मग तिने फिल्म कुठे ठेवली आहे ते दाखवलं, चालवून मात्र दाखवली नाही. "चेहरे नाहीत, कपडे नाहीत, रंग नाहीत. नुसती चाल झाली आहे. मी गेल्यावर आईला दाखवा."

"आहे काय त्यात?"

"ती ओळखेल."

'मी गेल्यावर' या शब्दांवर वडिलांनी काहीतरी बोलायला हवं होतं. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

ती गेल्यानंतर बरेच महिने त्या खोलीचं दार कुणी उघडलं नाही. झाडायलासुद्धा नाही. शेवटी वडिलांनी धीर करून कॉम्प्युटरचं बटण दाबलं, तेव्हा तो सुरूच होईना. चौकातल्या दुकानातला तंत्रज्ञ आला. त्याने आतला बटणाएवढा सेल बदलला. इतके दिवस पडून राहिल्याने तो मेला होता. "आता चालेल, फक्त जुनं काही लक्षात राहिलं नसेल त्याच्या," असं म्हणून तंत्रज्ञ गेला. त्याचं म्हणणं खरं होतं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण पडद्यावर अक्षरं थोराड आणि ताणलेली दिसत होती. फिल्म उघडली तर एक चित्र यायचं, थांबायचं, बऱ्याच वेळाने दुसरं यायचं. एका राखाडी आकृतीचा हात भिंतीवर. मग तोच हात बोटभर पुढे. वडिलांना त्यातून काही उमगेना. चित्र खालून, फार बुटक्या जागेवरून घेतल्यासारखं दिसत होतं आणि आकृतीची मान एका बाजूला कलली होती. अपुरं आहे, त्यामुळे असेल, असं ते धरून चालले.

फिल्म सरकून भागणार नव्हतं, पळायलाच हवी होती. त्याचं कारण आईचे डोळे.

तिच्या डोळ्यांचा पडदा झिजत होता. नजरेचा मधला भाग आधी गेला. समोर पाहिलं की जे पाहायचं तेवढंच पुसलेलं. म्हणून ती मान वळवून कडेने पाहायची. कडेने अक्षर वाचता येत नाही, फोटोतलं माणूस कळत नाही, पण हलणारं कळतं: वाऱ्याने उडणारा पडदा, दारातून आत येणारं माणूस. आलेल्या माणसाला ती चालण्यावरून ओळखे आणि तोंडाकडे न बघता नाव घेऊन हाक मारी. थांबलेलं चित्र तिच्या लेखी कोरा कागद होता. डॉक्टरांनी या खेपेला तपासल्यावर सांगितलं होतं की नजरेचा काठही आता फार दिवस राहणार नाही.

हे सगळं ठिपकी आजारी होती तेव्हाच सुरू झालं होतं. तिला मात्र त्यांनी कळू दिलं नव्हतं. हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. तिच्या खोलीतली एकही वस्तू जागची हलवायची नाही. औषधाच्या बाटल्यांवरची नावं वडिलांनी वाचायची आणि आईने पुढे करायच्या. पाणी नेताना गेलास काठोकाठ भरायचा नाही. ठिपकीला शेवटपर्यंत काही संशय आला नाही, याचं आईला समाधान होतं. बाकी कशाचंच नव्हतं.

"तिचा जीव तरी माझ्यात अडकला नाही," ती म्हणायची. "एवढी एक गोष्ट धड जमली आपल्याला."

*

वडील कामाला लागले. पडद्यावर बोट धरून वाचत त्यांनी एवढं शोधून काढलं की आत चित्रांसाठी वेगळं कार्ड आहे आणि ते चालवायला ड्रायव्हर लागतो. तो आता कामावर नाही.

"म्हणजे गाडी आहे, ड्रायव्हर नाही," आई म्हणाली.

"तसंच काहीसं."

"मग ठेवा की एखादा."

कॉम्प्युटरमध्येच एक खिडकी होती, तिथे ड्रायव्हरांची नावं होती आणि निवडायची सोय होती. वडिलांनी शिफारस असलेला निवडला. कॉम्प्युटरने पासवर्ड विचारला, तो दिला. मग आणखी एक पासवर्ड विचारला. हा नवा ठरवायचा होता. त्यांनी ठिपकीचं नाव घातलं. लहान आहे, म्हणाला. त्यांनी कळांवरूनच तिला दोनदा हाक मारली, तेव्हा चाललं. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा, अशी सूचना आली. त्यांनी केला आणि हात मांडीवर ठेवले. पडदा काळा झाला, मग निळा, त्यावर काही अक्षरं आणि उलटे उतरत जाणारे आकडे. आकडे संपले, निळं गेलं आणि रोजचा पडदा आला. अक्षरं तशीच थोराड.

"मिळाला का ड्रायव्हर?"

"मिळाला. पण गाडीत बसत नाही."

"आजकाल माणसं कामाला मिळाली तरी टिकत नाहीत," आई म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. तिने हातातलं पातेलं मात्र घासून झालेलंच पुन्हा घासायला घेतलं होतं.

वडिलांनी दुसरा ड्रायव्हर घातला. मग तिसरा. मग पहिला काढून परत तोच. काही फरक पडला नाही. तेव्हा त्यांनी त्याला फोन केला.

घटस्फोटानंतर जावयाला काय म्हणायचं याला शब्द नाही, म्हणून घरात त्याला 'तो' म्हणत. तो दुसऱ्या शहरात राहायचा आणि कॉम्प्युटरचंच काम करायचा. भांडण असं नव्हतं. दोघांनी शांतपणे ठरवलं होतं, आणि तेच आईला सहन झालं नव्हतं. ठिपकी गेली तेव्हा तो आला होता, मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता गेला. फोनवर त्याने वडिलांना कुठलीच हाक मारली नाही. सरळ कामावर आला.

"ड्रायव्हर घालताना काही अडलं का?"

"नाही. पासवर्ड मागितला, दिला."

"बरोबर. आणि चालू होताना काही एरर?"

"एरर नाही."

"मध्ये तुम्ही काही दाबलं वगैरे?"

"मी? हात लावला नाही," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

त्याने कमांड सांगितल्या. वडिलांनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं, उत्तरं वाचून दाखवली. ड्रायव्हर आत होता. उभाच होता, पण काम करत नव्हता. "हे असं मशीनला सुरुवातीचं कुलूप असलं तर होतं," तो म्हणाला. "अनोळखी ड्रायव्हर आत घेत नाही. पण त्या मशीनला कुलूप नाहीच. आम्ही दोघांनीच काढलं होतं." 'आम्ही दोघांनी' नंतर तो थोडा अडखळला. मग म्हणाला, "आतली डिस्क कुरियरने पाठवा. मी इथून व्हिडिओ करून देतो."

वडिलांनी फोनवर हात ठेवून आईला विचारलं.

"तिची वस्तू खोक्यात घालून कुठे जाणार नाही," आई मोठ्याने म्हणाली, पलीकडे ऐकू जाईल इतक्या. "त्याला म्हणावं, इथे यायला रस्ता आहे."

*

तो शनिवारी सकाळी आला. आई बैठकीत बसली होती. दारातून तो तीन पावलं आत आला तेवढ्यात ती म्हणाली, "अजून पाय घासतच चालतोस. चपला किती लागत असतील तुला."

"लागतात," तो म्हणाला.

"जेवून आलायस?"

"गाडीत खाल्लं."

"म्हणजे नाही."

तो खोलीत गेला. खाट, तिच्या उशाशी लहान टेबल, खिडकीखाली कॉम्प्युटर. सगळं जागच्या जागी होतं. तो खुर्चीत बसला, वडील स्टूल घेऊन शेजारी बसले. त्याने ड्रायव्हर मुळापासून काढला, नवा घातला. पासवर्डाच्या वेळी त्याने कीबोर्ड वडिलांकडे सरकवला, मान दुसरीकडे वळवली आणि खिडकीची काच पुसत राहिला. वडिलांनी दोन्ही पासवर्ड दिले आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

पडदा काळा झाला. मग निळा. आकडे उतरू लागले.

त्याने चटकन हात पुढे केला आणि वडिलांनी त्याचं मनगट पकडलं. छापखान्यातल्या माणसाची पकड होती. हात हवेतच राहिला. आकडे संपले, निळं गेलं.

"बाबा," तो म्हणाला, "हे काय होतं?"

"ते येतं. आपलं आपण जातं."

"दर वेळी येतं?"

"ड्रायव्हर घातला की येतं. तिने बजावून ठेवलंय, चालू होताना काहीही दाबायचं नाही. काय वाट्टेल ते दिसू दे."

त्याने मनगट सोडवून घेतलं नाही. वडिलांनीच मग ते सोडलं.

"आतला सेल कुणी बदलला का?" त्याने विचारलं. वडिलांनी तंत्रज्ञाचं सांगितलं. "म्हणजे मशीन सगळं विसरलं. आम्ही काढलेलं कुलूप परत लागलं. आता नवा ड्रायव्हर आला की ते एकदाच विचारतं, हा तुमच्या ओळखीचा आहे का. तिथे लिहिलेलं असतं, कोणतीही कळ दाबा. मग पासवर्ड द्यायचा. थोडा वेळ वाट बघतं. कुणी काही दाबलं नाही, की समजतं, ओळखीचा नाही."

वडिलांनी कीबोर्ड जवळ ओढला. "इतक्यांदा विचारत होतं ते," ते म्हणाले.

"तिच्या वेळी ते यायचंच नाही. तिला तरी कुठे ठाऊक असणार."

"तिने सांगितलं होतं म्हणून नाही दाबलं मी."

"हो, बाबा."

सगळं पुन्हा केलं. ड्रायव्हर काढला, घातला, ठिपकीला दोनदा हाक मारली, मशीन बंद होऊन सुरू झालं. निळा पडदा आला तेव्हा त्याने स्वतःचे हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "तुम्ही दाबा."

वडिलांनी उजवा हात उचलला. आकडे उतरत होते. ते कळ शोधत नव्हते, कुठलीही चालणार होती. तरी हात तसाच थांबला. मग डाव्या हाताचं ते तुटकं बोट पुढे आलं आणि त्यांनी सगळ्यांत मोठी, मधली, कोरी कळ दाबली. आकडे थांबले.

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एकही अक्षर उमटत नव्हतं. त्यांनी ओठ हलवत आंधळेपणाने नाव लिहिलं. मशीनने ते स्वीकारलं. पुढचा पडदा आला तेव्हा अक्षरं बारीक आणि रेखीव होती, ठिपकीच्या वेळी असत तशी.

"अगं," वडिलांनी हाक मारली. तो म्हणाला, "पळेल आता."

*

आई आली. तिने खुर्ची पडद्यासमोर तिरकी ठेवली, स्वतः आणखी तिरकी बसली आणि तोंड खिडकीकडे केलं. पाहायचं असलं की तिला असंच दुसरीकडे बघावं लागे.

"लावा."

राखाडी खोली. राखाडी दार. दारातून एक आकृती आत आली. एका हातात काहीतरी होतं, दुसरा हात भिंतीवर. ती चालू लागली आणि वडिलांच्या घशातून एक बारीक आवाज आला, खाकरल्यासारखा. त्याने एकदा वडिलांकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"दिसतंय," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "दिसतंय मला. बाई आहे."

आकृती पुढे येत राहिली.

"म्हातारी आहे कुणीतरी. पाऊल बघा कसं टाकतेय, जमीन आहे की नाही विचारत विचारत. आणि मान का वाकडी? अहो, तुमची बहीण तर नव्हे? ती अशीच मान फिरवून चालते, तोऱ्यात."

"बघ तू," वडील म्हणाले.

"बघतेय की. ओळखेन म्हणाली होती ना? थांबा, ओळखते."

आकृती भिंत संपेपर्यंत भिंतीला धरून आली. मग हात सुटला आणि क्षणभर हवेत राहिला. पुढे एक लहान टेबल होतं. मोकळा हात खाली आला, करंगळी टेबलाच्या कडेला लागली, कडेने थोडी सरकली आणि तिथेच थांबली. मग दुसरा हात आला आणि त्या करंगळीच्या अलीकडे गेलास ठेवला. आवाज न करता ठेवल्यासारखा, फार सावकाश.

आई बोलायची थांबली.

ही युक्ती तिने स्वतः शोधली होती. नवऱ्यालाही सांगितली नव्हती. आधी करंगळीने कड शोधायची, मग तिच्या मापाने गेलास ठेवायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, टेबलावरचं काही सरकवतेय.

"परत लावा," ती म्हणाली.

परत लावली. दार, भिंत, पाऊल, मान, करंगळी, गेलास.

"मी अशी चालते?"

"हो," वडील म्हणाले.

"ती होती तेव्हापासून?"

वडिलांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे तिला कळलं होतं," आई म्हणाली. "आणि मी आपली आत येताना दारातून हसून यायचे, की बघ, कशी सरळ चालतेय." तिने पदर हातात घेतला. "बोलली का नाही ती?"

"तुझं तेवढं एक जमतंय, ते मोडायचं नसेल तिला," वडील म्हणाले.

आईने पदराने नाक पुसलं. फिल्म शेवटच्या चित्रावर थांबली होती, म्हणून आता तिच्यासाठी तिथे काही नव्हतं. तिने त्याला विचारलं, "गेलास ठेवल्यावर पुढे काय होतं?"

"तिथेच संपते. पुढचं केलेलं नाही."

"पाणी कुणी पीत नाही? खाटेवर ती असेल ना. ती दाखवलीच नाही की काय?"

त्याने माउस हलवून काहीतरी तपासलं, मग खाटेकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. "खाट चित्रात नाहीये, आई. हे सगळं खाटेवरून दिसतंय. फिल्ममधला कॅमेरा तिने उशीच्या जागी ठेवलाय."

"म्हणजे ती बघतेय."

"हो."

वडिलांनी माउसकडे हात नेला. "बंद करू?"

"नको. लावून ठेवा."

राखाडी दारातून आकृती पुन्हा आत आली. आईने खुर्ची सरळ केली, खिडकीकडची मान वळवली आणि तोंड पडद्यासमोर आणलं. आता तिला तिथलं काहीच दिसणार नव्हतं. ठिपकीला तोंड दिसावं तशी ती थेट समोर पाहत बसली.